दवात उतरलेला तबला

ठाण्यात तलावपाळीजवळ दिवाळी पहाटेला तबल्याची साथ करायची होती. वर उघडं आकाश, बाजूला मासुंदा तलाव. आधी गाणाऱ्या ताई काळी चारच्या, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा ‘सा’; नंतरचे गायक काळी एकचे. म्हणून दोन तबले नेले: सहा इंची तोंडाचा काळी चारला लावलेला आणि सव्वापाच इंची काळी एकला. काळी एक हा काळी चारचा मध्यम (‘म’) आणि तबला मध्यमालाही लावता येतो, त्यामुळे एरवी लहान तबल्यावर दोघांचंही भागलं असतं. पण सुरुवात भूप रागातल्या रचनेने होती आणि भूपात मध्यमच नाही.

पाच वाजता दोन्ही तबले पेटीशी मिळवले. साडेपाचला पहिली सम (तालाची पहिली मात्रा) आली तेव्हा मोठा तबला सुरातून बराच उतरला होता. पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातडी तोंडावर, बोट फिरवलं तर गार, ओलसर. कातडं दव ओढतं आणि सैल पडतं; पेटीच्या पितळी रीडला तेवढा फरक पडत नाही. मग पेटी जागेवर राहते आणि तबला खाली जातो.

घाईत काठावरच्या सोळा घरांपैकी (सूर लावायच्या जागांपैकी) सगळ्यात उतरलेली दोन ठोकली आणि तिथेच चुकलो. समोरचं घर चढलं, ‘ना’ हा बोल फाटका वाजू लागला. अशा वेळी आधी एक घर पेटीला बरोबर लावायचं, मग त्याच्या बरोबर समोरचं, मग मधली दोन, असं सोळाही घरं फिरायची. ताई आलापात होत्या, तेवढ्यात गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या वेणीसारख्या काठावर) हलक्या हाताने हे केलं. चाटेवरचा (पुडीच्या कडेच्या पट्टीवरचा) ‘ना’ तानपुऱ्यात विरघळला आणि ताईंनी न वळताच मान डोलावली. साथीला बसायचं ते याच क्षणासाठी.

गट्ट्यांना (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांना) मात्र हात लावला नाही, आणि दवात तो कुणीच लावू नये. अर्ध्या सुराहून जास्त फरक असेल तर गट्टे, हा नियम कोरड्या हवेतला. ओल्या पुडीला गट्ट्यांनी ताण दिला की ऊन लागल्यावर ती आणखी आवळते आणि चाटेजवळ फाटू शकते. हाताला लावायची पावडरही जपून, ओल्या पुडीवर तिचा थर बसतो.

डग्ग्याचं, म्हणजे डाव्या हाताच्या जोडवाद्याचं, दुखणं वेगळं. ओलाव्याने तो बसका झाला, साउंडवाल्याने खर्ज वाढवला आणि मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर) घुमू लागला. मॉनिटरचं तोंड डग्ग्याच्या माइकपासून वळवायला सांगितलं, घुमणं थांबलं.

लहान तबला तोवर जाड सुती कापडाखाली, चुंबळीवर. पावणेसातच्या सुमाराला ऊन आलं तसा मोठा तबला चढू लागला. गजऱ्याला खालून वर हलके ठोके देत तो उतरवत राहिलो. गायक बसले, कापड काढलं. लहान तबल्याची फक्त दोनच घरं लावावी लागली.