माल उचलून कोण देतं?

सातारा, रविवार रात्र

नेपाळहून, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या ट्रेकवरून, परत येऊन आज नऊ दिवस झाले. खोकला गेला, अंगठ्याचं नख अजून काळं आहे. सकाळी पोवई नाक्यावर भाजी घेताना ओळखीच्या दोघींनी गाठलं, "एव्हरेस्ट कसं दिसतं गं?" छान दिसतं म्हणाले आणि मेथीची जुडी उचलली. खरं म्हणजे एव्हरेस्ट बघायला चढतात त्या काळा पत्थरच्या माथ्यावर वाऱ्यानं मला धड उभंही राहता येत नव्हतं. पाहिलं, फोटो काढला, उतरले. डोळे मिटले की दिसतात ती पाठमोरी माणसं. डोक्यावरून पट्टा, पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली, पायात गोल्डस्टारचे बूट.

आबांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. माझी बॅग मी उचलली नाही, दुसऱ्यानं उचलली, ती. आबा 31 वर्षं मशीद बंदरच्या किराणा बाजारात माथाडी होते. जावळीतल्या आमच्या गावची निम्मी गडीमाणसं तिथंच, एका गाळ्यात आळीपाळीनं झोपायची. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. त्या पोत्यांच्या पैशांवर मी शिकले, बँकेत लागले, आणि बँकेच्या पगारातून बारा दिवस माझं ओझं वाहायला माणूस लावला. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

आज जेवताना निघालंच.

चालायला सुरुवात होते त्या लुक्ला गावी विमानातून उतरलो त्या सकाळी तो, माझं ओझं वाहणारा, पहिल्यांदा दिसला. खोटांग जिल्ह्याकडचा, राई जमातीचा, असेल बावीस-तेवीसचा. आपल्याकडे पोर्टर म्हटलं की सगळे शेर्पाच वाटतात, पण त्या वाटेवर ओझं वाहणारे बरेचसे खालच्या डोंगरांतले राई, तामांग, मगर. त्यांच्या भाषेत भरिया. त्यानं माझी आणि माझ्या खोलीतल्या जोडीदारणीची अशा दोन बॅगा दोरीनं एकत्र आवळल्या. माझीच 14 किलो भरली होती. कंदी पेढे, भडंग, चकल्या, खोबरेल तेलाची मोठी बाटली! महिनाभर रोज पहाटे अजिंक्यतारा चढत होते, पण पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्यांपलीकडे काही घेतलं नव्हतं. त्यानं बॅग एका हातानं तोलली आणि माझ्याकडे बघून हसला. "दिदी, इसमें पत्थर है?" हिंदी चांगलं बोलायचा. पुण्यात दोन वर्षं चायनीजच्या गाडीवर काढलेली, मधूनच "काय म्हणता" असंही टाकायचा.

वाटेतल्या नामचे गावी तीन किलो खाऊ काढून लॉजवर ठेवला. काढायला तिथवर का थांबले, कोण जाणे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी नामचेची 3,440 मीटरची उंची भरत नाही. तिथवरच्या सगळ्या चढावर माझे पेढे त्याच्या मानेवर होते.

त्याच चढावर ती गोष्ट झाली. झुलता पूल ओलांडला की वाट पाइनच्या झाडांतून सरळ अंगावर येते. झाडांच्या फटीतून पहिल्यांदा एव्हरेस्ट दिसतं तिथं मी पायऱ्यांच्या मधोमध उभी राहून मोबाईल काढला. खालून शिट्टीसारखा आवाज येत होता. पक्षी असेल असं वाटलं. वळणावरून प्लायवूडचे तक्ते वर आले, माणूस नंतर दिसला. तक्ते त्याच्यापेक्षा उंच, आणि तो आवाज त्याच्या श्वासाचा, ओठ आवळून सोडलेला. तो थांबला. हातातली टी आकाराची काठी, टोकमा म्हणतात तिला, मागं नेऊन ओझ्याखाली टेकवली आणि उभा राहिला. बोलला काही नाही. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, हनुवटीवरून घाम टपकतोय, नजर माझ्या बुटांवर. मी बाजूला झाले. पण काठी काढून ओझं पुन्हा मानेवर घेताना त्याच्या गुडघ्याला जो हिसका बसला, तो मी पाहिला.

एवढं ऐकल्यावर आबांनी घास खाली ठेवला.

"भरल्या गड्याला थांबवायचं नसतंय, पोरी. बाजारात न्हाय का आम्ही 'ए बाजूऽऽ' करत जायचो? उगं न्हवतो वरडत."

मग मात्र ते प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटले. डोंगर, बर्फ, थंडी, यातलं एकही नाही. पट्टा कपाळावर की टाळूवर? टाळूवर, जरा पुढं. नाम्लो म्हणतात. चुंबळ घेतात का? नाही. टोळी असते का एकेकटे? मुकादम कोण? आणि, "माल उचलून कोण देतं त्यास्नी?" त्यांच्या वेळी पोतं अंगावर द्यायला दोघं असायचे.

कोणी देत नाही, म्हटलं. ओझ्याला पाठ लावून बसायचं, नाम्लो डोक्यावर घ्यायचा, पुढं झुकायचं आणि टोकम्यावर जोर देऊन उठायचं. वाटेत दगडी चौतारे असतात, बरोब्बर कमरेच्या उंचीचे. त्यांवर ओझं टेकवलं की उचलावं लागत नाही, नुसतं त्याच्याखालून बाहेर यायचं. हे आबांना फार पटलं. "डोकं लावलंय बांधणाऱ्यानं," म्हणाले.

मी वाचलेलंही सांगितलं. 2005 साली छापून आलेल्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी नामचेच्या वाटेवर माल नेणाऱ्या भरियांचं वजन आणि ओझं मोजलं, तर पुरुषांचं ओझं सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या 90 टक्क्यांच्या आसपास निघालं. कितीतरी जण स्वतःपेक्षा जड माल नेत होते. आबांनी नुसती मान हलवली. शास्त्रज्ञांनी मोजलं म्हणून त्यांना काही नवीन कळलं नव्हतं.

"त्यांचं बोर्ड हाय का?"

बोर्ड म्हणजे माथाडी मंडळ. आमच्या घरात देवघराशेजारी अण्णासाहेब पाटलांचा फोटो आहे. तेही आपल्याच जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. 1969 चा कायदा, त्यातून आलेली मंडळं, हजेरी, फंड, दवाखाना, हे सगळं लहानपणी इतक्यांदा कानावर पडलंय की कंटाळा यायचा. आता आबा विचारत होते आणि मला उत्तर येत नव्हतं. पर्यटकांच्या बॅगांना 30 किलोच्या आसपास मर्यादा पाळतात एवढं ठाऊक होतं. प्लायवूडवाल्याला कुठली मर्यादा? बारा दिवस त्या पोराबरोबर चालले, गाणी ऐकली, त्याच्या बहिणीच्या लग्नाचं ऐकलं. लॉजवर आमची जेवणं उरकल्यावर तो स्वयंपाकघरात दालभात खायचा, ते बघितलं. पण पडलास तर कोण बघतं, हे विचारायचं सुचलं नाही.

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, वळ्या घालून पट्टा केला आणि गव्हाच्या दहा किलोच्या पिशवीला अडकवायला लागले. वय 78, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. आई ओरडली. तरी त्यांनी टॉवेल टाळूवर घेऊन मान जराशी ताणून बघितलीच.

"सगळं मानंवर येतंय की गं."

पिशवी ठेवली, पाणी प्यायले. "दिलंस किती?"

आकडा सांगितला, वरची बक्षिशी धरून. त्यांनी बोटांवर बाराने भागलं, मग किलोचा हिशोब केला. चांगलं की वाईट, काही बोलले नाहीत.

"आणि परतीचा माल?"

"म्हणजे?"

"तू इमानातनं आलीस. त्यो घरी कसा गेला?"

चालत. खोटांग तिथून दोन-तीन दिवस. लुक्लाच्या धावपट्टीशेजारी हात हलवला होता त्यानं, पाठीवर स्वतःचं बोचकं.

"मोकळाच गेला म्हण की," आबा म्हणाले, आणि टॉवेलच्या वळ्या सोडवत बसले.