तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी गेम नव्या लॅपटॉपवर का चालत नाही?

"दादा, तो आपला प्रिन्स लॅपटॉपवर टाकला, पण डबल क्लिक केलं की एररच येते, तुझ्याकडे कसा काय चालतो?" लग्नाची पंगत असो नाहीतर गणपतीची आरती, हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारे सगळे चाळिशीच्या आसपासचे, आणि सगळ्यांना खात्री असते की फाइल करप्ट आहे किंवा व्हायरस आलाय. फाइलला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. चाळ पाडून तिथे टॉवर झालाय आणि ही बिचारी अजून जुना जिना शोधतेय, एवढंच.

प्रिन्स ऑफ पर्शिया डॉसवर, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या सिस्टिमवर, आला 1990 ला, आणि तो 16 बिटचा, म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या मापाने लिहिलेला. 32 बिट विंडोजमध्ये असले प्रोग्रॅम चालवायची सोय होती, 64 बिटमध्ये ती ठेवलीच नाही, आणि विंडोज 11 तर फक्त 64 बिटमध्येच येतं. त्यामुळे "कम्पॅटिबिलिटी मोड (विंडोजला जुन्या विंडोजचं सोंग घ्यायला लावायची सेटिंग) लावून बघ" असं सांगणाऱ्याचं इथे ऐकू नका, काही उपयोग नाही. इथे डॉसबॉक्स लागतो. फुकट आहे, 2002 पासून आहे, आणि तो खिडकीच्या आत अख्खा जुना पीसी उभा करतो, प्रोसेसर, साउंड कार्ड सगळं नकली. इंजिनिअरिंगला नव्या विंडोजवर टर्बो सी (सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) वापरलं असेल तर तुम्ही तो पाहिलाय, त्याचा निळा स्क्रीन यायच्या आधीची ती काळी खिडकी आठवते ना, तोच. माउंट लिहायचं, मग सी, मग गेमच्या फोल्डरचा पत्ता, एंटर मारायचा, सी कोलन करून आत जायचं आणि गेमचं नाव टाइप करायचं, झालं.

मग दुसरा फोन येतो की चालतेय पण सुसाट पळतेय. याची मला फार मजा वाटते. सुरुवातीच्या काही गेम घड्याळ बघायच्याच नाहीत, प्रोसेसर जेवढा पळेल तेवढी गेम पळायची, आणि लिहिणाऱ्याने धरलेला असायचा 4.77 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. पुढे फास्ट मशीन आल्या तेव्हा कॅबिनेटवर टर्बोचं बटण आलं. आम्हाला वाटायचं ते दाबलं की कॉम्प्युटर उडतो, पण ते होतं मुळात जुन्या प्रोग्रॅमसाठी मशीन हळू करता यावी म्हणून! डॉसबॉक्समध्ये तेच काम कंट्रोल एफ11 करतं (हळू) आणि कंट्रोल एफ12 (जोरात). दाबत दाबत कानाला आणि हाताला बरं वाटेल तिथे थांबायचं, याला दुसरं माप नाही.

विंडोज 95-98 च्या गेमचं दुखणं वेगळं. त्यातल्या बऱ्याच गेम स्वतः 32 बिट असतात, म्हणजे चालू शकतात, पण त्यांचा सेटअप 16 बिटचा, त्यामुळे दारातच अडकतात आणि आपण म्हणतो गेम चालत नाही. आधी सीडीतलं फोल्डर सरळ कॉपी करून बघा, कधीकधी तेवढ्यावर भागतं. एज ऑफ एम्पायर्सचं विंडोज 7 वर अजून भलतंच व्हायचं, गवत आणि पाणी भयाण रंगाचं दिसायचं, कारण गेम 256 रंगांची स्वतःची पेटी घेऊन बसायची आणि एक्स्प्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, मधेच त्यात हात घालायचा. उपाय काय, तर टास्क मॅनेजरमधून एक्स्प्लोररच बंद करायचा आणि मग खेळायचं. असल्या रंगाबिंगाच्या भानगडींना आता डीजीवूडू नावाचं एक टूल बऱ्यापैकी चालतं.

आणि ज्यांनी इमानदारीने ओरिजिनल सीडी घेतली त्यांचे हाल सगळ्यात जास्त. 2000 च्या आसपासच्या बऱ्याच गेमच्या सीडीवर कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, त्याच्या ड्रायव्हरमध्ये सिक्युरिटीचं भोक निघालं, आणि 2015 ला आलेल्या विंडोज 10 ने त्याला घरातच घेतलं नाही. म्हणजे फुटपाथवरच्या कॉपीला काही होत नाही आणि बिल जपून ठेवणारा बाहेर. त्याला मी सांगतो, तीच गेम जीओजी नावाच्या वेबसाइटवर आहे का बघ, ते जुन्या गेम कुलूप काढून विकतात, डॉसच्या असतील तर बहुतेक वेळा डॉसबॉक्ससकट.

फुकट फुल व्हर्जनच्या नावाखाली मिळणारा कुठलाही सेटअप मात्र चालवू नका, गेम राहते बाजूला आणि लॅपटॉप माझ्याकडे फॉरमॅटला येतो.

तर विचारा, बिनधास्त विचारा, पण गेम कुठल्या सालची ते सांगा आणि एररचा फोटो पाठवा. मागच्या वेळी एकाने लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरचा पाठवला होता, तोही हललेला.