मांडी घालता येते का?

"काकू, आता मांडी घालून बसता येतं का ओ?" गुडघा बदलून दीड वर्ष झालं. सोलापुरात नव्या पेठेत गेले, रूपाभवानीच्या देवळात गेले, कुणाच्या बारशाला गेले, तरी पहिला प्रश्न हाच.

नाही बसत. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं विसरायचं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सत्यनारायणाला मी खुर्चीत असते आणि देव काही बोलत नाही.

पण गुडघा वाकतो किती, हे सगळे विचारतात. सरळ होतो का, हे कुणीच विचारत नाही. माझा सगळा झगडा तिथेच झाला. दुखतं म्हणून वर्षानुवर्षं पाय जरासा दुमडूनच ठेवला, तो तसाच आखडला. ऑपरेशनच्या दीड महिना आधी फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला झोपवून गुडघ्याखाली हात घातला, तो आरपार गेला. "हा हात दाबायला शिका. मांडीत जोर नसेल तर नवा सांधा चालेल कशाच्या बळावर?" तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं.

बाकी तयारी म्हणजे साखर आटोक्यात आणणं, किडलेली दाढ काढणं (तोंडातला जंतुसंसर्ग रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतो) आणि घरात कमोड बसवणं. तारीख मुद्दाम दिवाळीनंतरची घेतली. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पायाला पट्ट्या बांधून पडायचं म्हणजे शिक्षाच. खर्चाचं म्हणाल तर सरकारनं २०१७ साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, पण ती फक्त सांध्याची. खोली, भूल, सर्जन यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा.

कमरेखालीच भूल होती, त्यामुळे सुताराच्या दुकानात असावी तशी ठोकाठोक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. दुखतं का? दुखतं. तिसरा दिवस सगळ्यात वाईट. व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायची, मग शौर्य दाखवायचं.

घरी आल्यावर जाऊबाईंनी मायेनं गुडघ्याखाली मऊ उशी दिली. दोन रात्री काय झोप लागली म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी ताई आल्या आणि त्यांनी उशी ओढूनच काढली. गुडघ्याला आराम वाटतो ती वाकडी अवस्था, आणि त्याच अवस्थेत तो आखडतो. मग आपला सोलापुरी टॉवेल, चांगला जाड, गुंडाळून टाचेखाली. गुडघा अधांतरी, स्वतःच्या वजनानं खाली जाणार. दहा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळाला शिव्या दिल्या. जाऊबाई दाराआडून रडत होत्या, मला चहासुद्धा दिला नाही कुणी.

टाके निघेपर्यंत पाय काटकोनात वाकू लागला. सरळ व्हायला मात्र संक्रांत उजाडली. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत शिरायची परवानगी नव्हती, म्हणून मिरवणुकीतले नंदीध्वज लांबूनच, काठी टेकून पाहिले. नातवानं खुर्ची आणली होती, पण मी उभीच राहिले; तिच्यावर त्याचीच चप्पल राहिली.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडी जागा अजून बधिर आहे. जास्त चालले की पाय गरमही होतो.

संक्रांतीनंतर ताई शेवटच्या वेळी आल्या, मला झोपवलं आणि गुडघ्याखाली हात सरकवायला गेल्या. हात अडकला.