स्वोर्डफिश १/४८ : मागच्या कॉकपिटपासून सुरुवात

दुसऱ्या महायुद्धातल्या स्वोर्डफिश या दुपंखी ब्रिटिश टॉर्पेडो विमानाचं १/४८ मापाचं मॉडेल सध्या हातात आहे. इंजिन रंगवून झालंय, पंखांना अजून हात लावलेला नाही. फ्युजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन भाग मुद्दाम उघडे ठेवलेत, कारण सगळा वेळ मागचा कॉकपिट खातोय. आपण मंडळी स्वोर्डफिश घेतली की टॉर्पेडो आणि रिगिंगवर (पंखांमधल्या ताणाच्या तारांवर) जीव टाकतो. शेपटीकडे तोंड करून उभा असणारा टेलिग्राफिस्ट एअर गनर, म्हणजे वायरलेस आणि मशीनगन सांभाळणारा, मात्र शेवटी घाईत उरकतो. म्हणून या वेळी आधी तोच.

विमान आहे ब्रिटिश नौदलाच्या ८२५ नेव्हल एअर स्क्वाड्रन या तुकडीचं, क्रमांक डब्ल्यू ५९०७. पायलट किंग्जमिल, ऑब्झर्व्हर (मार्ग दाखवणारा) सॅम्पल्स आणि मागे लीडिंग एअरमन डोनाल्ड बन्स. १२ फेब्रुवारी १९४२ ला श्यार्नहॉर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्झ ऑयगेन या जर्मन युद्धनौका ब्रेस्टहून निघून भरदिवसा इंग्लिश खाडीतून मायदेशी चालल्या होत्या. त्यांच्यावर केंटमधल्या मॅन्स्टनहून स्क्वाड्रनप्रमुख एस्मंडच्या हाताखाली सहा स्वोर्डफिश उडाल्या. संरक्षणाला पाच स्क्वाड्रन फायटर यायची होती. वेळेवर आली ती जेमतेम दहा स्पिटफायर. सहाही स्वोर्डफिश पडल्या, १८ जणांपैकी ५ वाचले.

बन्सच्या हातात .३०३ इंची एकच मशीनगन, आणि अंगावर येत होती २० मिमी तोफांची फायटर. इंजिनाचे वरचे दोन सिलिंडर उडाले, पायलट आणि ऑब्झर्व्हर दोघंही जखमी, तरी टॉर्पेडो सोडून मगच विमान पाण्यात उतरलं. तोवर बन्स गोळ्या झाडतच होता. त्यानं एक फायटर पाडल्याचं मानतात. एस्मंडचा गनर क्लिंटन तर पेटलेल्या फ्युजलाजवर चढून हातांनी आग विझवताना दिसला होता. तो वाचला नाही.

किटमधला गनर ऐटीत बसलेला आहे, इथे तो चालणार नाही. कंबरेत कापून डावीकडे वळवला, गुडघे पुट्टीनं पुन्हा घडवले. बंदुकीवरचं चपटं गोल मॅगझिन प्लॅस्टिक शीटच्या चकत्या एकावर एक चिकटवून केलं. उघड्या कॉकपिटमधून बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून गनर स्वतःला कॉकपिटच्या तळाशी पट्ट्यानं अडकवत. तो पट्टा शिशाच्या पातळ पत्र्याचा केलाय. छान लोंबतो, वळणही धरतो.

स्टँडवर पदकाची फीत रंगवायची आहे. एकाच विमानातले तिघे, पण किंग्जमिल आणि सॅम्पल्सना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर), बन्सला कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल. कारण इतकंच की डीएसओ अधिकाऱ्यांसाठी होतं आणि बन्स अधिकारी नव्हता. मला ही वाटणी खटकते, पण खलाशांसाठी व्हिक्टोरिया क्रॉसच्या खालोखाल हेच होतं, तेव्हा त्याला हलकं समजू नका. फीत पांढरी, दोन्ही कडा गडद निळ्या. फिकट निळ्या पट्ट्याची फीत विमानदळासाठीच्या आवृत्तीची, आणि ती सुरूच झाली १९४२ च्या नोव्हेंबरात. तयार डिकॅल (चिकटवायचं छापील चित्र) घेताना तेवढं बघून घ्या.

आता वायरलेस सेट रंगवला की फ्युजलाज बंद करीन. रिगिंगला लवचीक धागा वापरायचा विचार आहे. पावसाळ्यात तो सैल पडतो का, कुणाला अनुभव असेल तर सांगा, वरचा पंख बसण्याआधी.