आई, कुत्रा, म्हैस आणि कूलर
काल भर दुपारी लाईट गेली. ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे पारा ४५ला टेकलेला, आमच्या लष्कर भागातल्या गल्लीत चिटपाखरू नाही आणि कूलर ठप्प. मी आपला टॉवेलने घाम पुसतोय तर आई म्हणते, पुसतोस कशाला, वाळू दे ना.

बरोबरच आहे की तिचं! घाम नुसता येऊन गारवा मिळत नाही, तो वाळावा लागतो, एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो, टॉवेलात गेला की फुकट. म्हणजे आपली कातडी ही कूलरची ओली गवताची जाळीच झाली, आणि म्हणूनच जुलैत दमट हवा सुटली की कूलरही नुसता चिकचिक करतो आणि आपणही.

गल्लीतला लाल्या स्कूटरखाली जीभ काढून धापा टाकत पडला होता. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना, बाकी सगळा कारभार जिभेवर. कबुतरांना तर घामच नाही, ती चोच उघडी ठेवून गळा थरथरवतात. आणि बिचारी म्हैस, काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, ती डबक्यात बसली की आपण तिला आळशी म्हणतो, अरे ती टेंपरेचर सांभाळतेय!

या सगळ्या सांभाळासांभाळीला होमिओस्टॅसिस म्हणतात, वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दिलेलं नाव. आपला थर्मोस्टॅट मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, ३७च्या आसपास लावलेला. ताप येतो तेव्हा तोच वर सरकतो, म्हणून अंग तापलेलं असूनही थंडी वाजते आणि आपण गोधडी मागतो. पण मला खरा आवडतो तो उंट. पाणी मिळालं नाही की तो ३७-बिकच्या नादाला लागतच नाही, पहाटे ३४ आणि दुपारी ४० पर्यंत अंग तापू देतो, घाम वाचवतो आणि दिवसभराची उष्णता रात्रीच्या गार हवेत सोडून देतो. आपल्याला दोन डिग्री वाढली की सुट्टीचा अर्ज.

साडेचारला लाईट आली. धावत जाऊन कूलर लावला तर भट्टीसारखी गरम हवा, टाकी कोरडी ठणठणीत. बादली घेऊन निघालो तर आईने हातात पन्ह्याचा ग्लास दिला, मीठ जरा जास्तच घातलेलं, घामातून तेही जातं ना. म्हणाली, आधी तू पी, मग त्याला पाज.