कानाशी धरलेला फ्लोट

काकांची मोटरसायकल चाळीसेक वर्षं जुनी, पण नीट राखलेली. तक्रार एकच: कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, साफ केला की दोन दिवस गाडी मस्त चालते, तिसऱ्या दिवशी मिसिंग (इंजिन अडखळणं), काळा धूर आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोलचे थेंब. "दादा, निडल दोनदा बदलून झाली," ते म्हणाले, "आता तुम्हीच काय ते बघा."

प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. कार्बोरेटर उघडला. त्याच्या बाऊलमध्ये, म्हणजे खालच्या वाटीत, पेट्रोल साठतं; त्यावर तरंगणारा फ्लोट वर आला की निडल, म्हणजे टोकदार सुई, आपल्या सीटवर बसून येणारं पेट्रोल बंद करते. जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, मोकळे, निडलचं टोक नवंकोरं, सीटवरही कुठे ओरखडा नाही. बाऊलचं गॅस्केट मात्र फाटलं होतं आणि नवं दुसऱ्या दिवशी मिळणार होतं, म्हणून सगळे भाग रात्रभर ट्रेमध्ये ठेवले. सकाळी जोडणी केली, गाडी पहिल्या किकला सुरू. मला वाटलं, झालं काम.

तिसऱ्या दिवशी काका परत दारात. एक शब्द वाकडा बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मग विचार केला की साफ केल्यावर दोनच दिवस का चालते? कचरा असता तर तो असा दिवस मोजून आला नसता. म्हणजे साफसफाईने नव्हे, तर उघडून ठेवण्यानेच काहीतरी बरं होत असणार. या वेळी गाडी तशीच बिघडलेली असताना कार्बोरेटर उतरवला आणि फ्लोट ओला असतानाच कानाशी धरून हलवला. आत चुळुक चुळुक आवाज! पितळी फ्लोट, आत नुसती हवा असायला हवी, आणि त्यात पेट्रोल शिरलेलं. फ्लोट जड झाला की पुरेसा वर येत नाही, निडल उशिरा बंद होते आणि बाऊलमधली पातळी चढत जाते. ट्रेमध्ये रात्रभर पडला की तेच पेट्रोल झिरपून, उडून जायचं आणि सकाळी फ्लोट पुन्हा हलका. आधीच्या मेकॅनिकांना मी दोष देणार नाही, कारण कोरड्या फ्लोटमध्ये दिसण्यासारखं काही नव्हतंच.

भोक डोळ्यांना दिसेना. उघड्या जागी, आसपास आग नाही हे बघून, फ्लोट गरम पाण्यात बुडवला. आतली हवा फुगली आणि डाखाच्या सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. त्या जागी सुईने खूण केली.

डाख देण्याची घाई मात्र कोणी करू नये. आत पेट्रोलची वाफ असताना तापलेली डाखणी टेकवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. दोन दिवस परत परत गरम पाण्यात धरून आतलं सगळं बाहेर काढलं, वास पूर्ण गेल्यावरच डाख दिला. पहिला डाख फसला, कारण आतली हवा तापून वितळलेल्या कथिलातून फुटून बाहेर आली. दुसऱ्यांदा डाखणी क्षणभरच टेकवली. जास्तीचं कथिल कानशीने घासलं, कारण तेवढ्या वजनानेही फ्लोट खाली बसतो. पुन्हा गरम पाण्यात धरला. एकही बुडबुडा नाही.

शेवटी बाऊलच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून वर धरली, पेट्रोल सोडलं आणि पातळी पाहिली. कंपनीच्या मापापेक्षा किंचित वर होती. निडलला टेकणारी फ्लोटची जीभ अगदी केसभर वाकवल्यावर बरोबर मापावर आली.

काकांना म्हटलं, आठवडाभर रोज चालवा आणि मग या. ते आले तेव्हा प्लग काढून त्यांच्या हातात दिला. टोकावर काजळी नव्हती, फिकट तपकिरी रंग धरला होता. काका बराच वेळ तो उजेडात फिरवून बघत राहिले.