नर्सरी बागेतला दगड

गेल्या महिन्यात कोल्हापूरला गेलो, तेव्हा अंबाबाईचं दर्शन आटोपून थेट राजर्षी शाहूंच्या समाधीकडे निघालो. रिक्षावाल्याला "सीपीआरजवळ सोडा" म्हटलं (सीपीआर म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय), तर त्यानं काळजीनं विचारलं, "कोण पेशंट हाय काय, पावणं?" तुम्ही सरळ "शाहू समाधी, नर्सरी बाग" सांगा. ऊन नसेल तर रिक्षाही नको. भाऊसिंगजी रोडनं चालत वीसेक मिनिटांत पोचता येतं, आणि हा रस्ता चालण्यासारखाच आहे.

कारण याच रस्त्यावर गंगाराम कांबळेंचं हॉटेल होतं. हे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना हॉटेल काढून दिलं आणि आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, तिथं थांबवून स्वतः चहा घेऊ लागले. सोबतच्या बड्या मंडळींनाही मग तोच चहा घ्यावा लागे.

महाराजांचं 6 मे 1922 ला मुंबईत निधन झालं. अंत्यसंस्कार इथं पंचगंगेकाठी झाले. समाधी नर्सरी बागेत व्हावी ही त्यांचीच इच्छा होती, पण तिचं लोकार्पण व्हायला 2020 चा जानेवारी उजाडला. इतकी वर्षं का लागावीत, हे मला अजून सलतं.

गंगाराम मात्र थांबले नव्हते. 1925 मध्येच त्यांनी आपल्या माणसांना घेऊन याच बागेत महाराजांचं पहिलं स्मारक उभं केलं. समाधी पाहून लगेच परतू नका, तेही विचारून बघा. मी गेलो तेव्हा एक आजी चपला काढून आल्या. दगड तापला होता, तरी त्यांनी दोन्ही तळवे त्यावर टेकले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला फोटो काढवला नाही.

सकाळी लवकर जा, दुपारी फरशीवर पाय भाजतात. पाण्याची बाटली जवळ ठेवा. तिथून दसरा चौक जवळच आहे: महाराजांचा पुतळा आणि सगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी त्यांनी उभ्या केलेल्या बोर्डिंगांपैकी काही तिथं दिसतील. सीपीआरसमोरचं टाउन हॉल म्युझियम बघायचं तर सोमवार टाळा. कसबा बावड्याचं जन्मस्थळ त्याच दिवशी करायचं असेल, तर तेवढ्यासाठी रिक्षा करा.

6 मेला जमलं तर नक्की जा. 2022 मध्ये, स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं.